गव्हासाठी जाळ

शमीम परकारने गव्हाची ओंबी इरावती दाभाडेच्या टेबलावर ठेवली आणि अंगठ्याने चिरडली. आत दाणाच नव्हता.

"सगळा मळा असाच?" इरावतीने विचारलं. चंद्रावरच्या मृगांक वसाहतीत हवेची जबाबदारी तिची होती.

"जवळजवळ. या आठवड्यात हवा सुधारली नाही, तर ऐंशी माणसांना काय खायला घालायचं, ते तूच सांग."

इरावतीने पडद्यावर आकडे आणले. हवेतला कर्बवायू महिनोन्‌महिने घसरत होता. गळती मात्र कुठेच नव्हती.

"मग कार्बन गेला कुठे?"

"गेला नाही, कोंडलाय." शमीम वनस्पतितज्ज्ञ होती. "आपल्या श्वासातला कर्बवायू पिकं घेतात. पण पेंढा, देठ, मैला हे सगळं कुजवण-टाकीत जातं आणि त्याचा मिथेन होतो. पूर्वी तो सामायिक स्वयंपाकघरात जळायचा, की पुन्हा कर्बवायू तयार. आता तो जळतच नाही. साठवण-टाक्या भरताहेत आणि मळा उपाशी मरतोय."

गॅस इरावतीनेच बंद करवला होता. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या फिलोमावशींची बाही पेटली, तेव्हा जाळ विझवायला पहिली धावली होती तीच. मावशींचे सोलवटलेले हात बघून तिने शब्द दिला होता, इथे पुन्हा ज्वाला दिसणार नाही. मग सभेत भांडून तिने प्रवर्तन-शेगड्या आणल्या. त्या चुंबकीय क्षेत्राने फक्त भांडं तापवत. लोक त्यांना सरळ इंडक्शन म्हणत.

"मिथेन तसाच मळ्यात सोडला तर?"

"पिकांना तो घेता येत नाही. आणि ठिणगी पडली, तर आपण कोणीच उरणार नाही."

"बंद भट्टी बांधते."

"बांध. महिना तरी लागेल. ओंब्या थांबायच्या नाहीत."

उरले होते फक्त स्वयंपाकघरातले जुने बर्नर.

"मावशी, दिलेला शब्द मोडायला आलेय," इरावती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. हातांवरच्या ताणलेल्या कातडीवरून फिलोमावशींनी बोट फिरवलं. मग कपाटावरची, भिंतीवरची सगळी फडकी त्या स्वतः गोळा करून बाहेर ठेवून आल्या.

"बाही वर कर," त्या म्हणाल्या. "केस बांध."

"तुम्ही बाहेर थांबा. मिथेन जळला नाही, तेवढा प्राणवायू हवेत शिल्लक राहिलाय. ज्वाला भडकेल."

"म्हणूनच थांबते."

इरावतीने झडप जेमतेम उघडली. लायटर दोनदा नुसताच खटकला. तिसऱ्यांदा भक्कन जाळ उठला, तिच्या कोपरापर्यंत आला. मावशींनी तिला दंडाला धरून मागे खेचलं आणि दुसऱ्या हाताने झडप आवळली. जाळ बसला. निळा, स्थिर झाला.

दोघी धापा टाकत बघत राहिल्या. सवयीने मावशींनी मोठं पातेलं उचललं.

"यावर काय चढवू?"

"काही नाही, मावशी. आपलं जेवण इंडक्शनवरच होईल. हे गव्हाचं आहे."

मावशींनी पातेलं खाली ठेवलं. पुढचा बर्नर पेटवायला त्यांनी लायटरसाठी हात पुढे केला.