पितांबरने मोजलेला काळा

शहाद्याच्या कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या हेमकांत सरांकडे शोभाबाई दुपारी एक निगेटिव्ह घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे सरांचा जुना मित्र पितांबरचं, वर्षश्राद्ध होतं. सबंध तालुक्याचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा फोटो घरात नव्हता. सापडला तो हाच, सारंगखेड्याच्या यात्रेतला, पंचवीस वर्षांपूर्वी सरांनीच काढलेला. डोक्याला पटका बांधून, घोड्याचा लगाम धरून पितांबर उभा होता. ऊन पाठीमागे, त्यामुळे छापला तर चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

“त्यास्नं तोंड दिसाले जोयजे, भाऊ,” एवढं म्हणून त्या ओसरीवर बसल्या.

सरांना नाही म्हणवेना. दवाखान्यात असताना पितांबरने त्यांना तीनदा निरोप धाडला होता, एकदा तोंड दाखवून जा म्हणून. सरांना दवाखान्याच्या नुसत्या वासाने धडकी भरे. डोकं दुखतंय, उद्या येतो, असं त्यांनी तिन्ही वेळा कळवलं. चौथा निरोप तो गेल्याचा आला.

त्यांनी निगेटिव्ह स्कॅन केली. चेहऱ्याची जागा फिल्मवर काचेसारखी कोरी होती, म्हणजे तिथे प्रकाशच पोचला नव्हता. संगणकानेही तिथे शून्य दाखवलं. जे टिपलंच गेलं नाही, ते कुठून काढणार?

तरी सवयीने त्यांनी छपाईआधीचा प्रीव्ह्यू लावला. प्रिंटरची शाई अमुक कागदावर कशी उतरेल, हे प्रोफाइलची फाइल पडद्यावर आधीच दाखवते. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या कागदाची ही फाइल पितांबरनेच आजारपणात बनवून दिली होती, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्या छापून, एकेकीचा काळेपणा मोजून. पडदा खोटं बोलस, कागद नही, असं तो म्हणायचा.

प्रीव्ह्यूत काळा थोडा करडा झाला. तेवढं व्हायचंच, मॅट कागद काळा पुरता पेलत नाही. पण त्या करड्यात पटक्याखाली चेहरा होता.

सरांनी प्रीव्ह्यू बंद केला. काळोख. लावला. चेहरा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर फारसा भरवसा नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, मग केळीच्या बागेचा एक जुना फोटो त्याच प्रोफाइलमधून पाहिला. तिथली सावली नुसतीच करडी होत होती. म्हणजे फाइलमध्ये बिघाड नव्हता. बिघाड असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

यात्रेतला पितांबर गुळगुळीत दाढी केलेला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पडद्यावरच्या गालांवर मात्र पांढरी दाढी वाढलेली होती.

सरांनी फोटो छापला. कागदावर तोच चेहरा उतरला, समोर टक लावून बघणारा.

शोभाबाईंनी फोटो हातात घेतला. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. बराच वेळ बघून त्या हळूच म्हणाल्या, “दवाखानामा आशीच दाढी वाढेल व्हती. रातदिन दाराकडे दखेत... तुमनी वाट दखेत.”

सकाळी नक्की या, असं सांगून त्या फोटो घेऊन गेल्या.

सकाळी सरांनी इस्त्रीचा सदरा अंगात चढवला. चपलाही घातल्या. मग दाराशीच उभं राहून त्यांनी फोन लावला.

“वहिनी, डोकं दुखतंय... उद्या येतो.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानात शिरलं.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. “बरं, भाऊ. फोटू दारासमोरच मांडेल शे,” असं म्हणून शोभाबाईंनी फोन ठेवला.

मनाला लागलेली टोचणी काही जाईना. निदान पडद्यावर तरी त्याच्याकडे बघावं, म्हणून सर संगणकापाशी बसले. त्यांनी प्रीव्ह्यू लावला, मग बंद केला, पुन्हा लावला. करड्यात आता चेहरा नव्हता. शेवटी कालची निगेटिव्ह उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

घोडा होता. गर्दी होती, धूळ होती. लगाम हाताच्या उंचीवर ताणलेला होता. तो धरायला तिथे कोणी नव्हतं.

सरांच्या पायांत चपला तशाच होत्या. घराचं दार त्यांनी मघाशी लावलंच नव्हतं.