चार हजार कर्नल

“हात वर!”

मी खरंच हात वर केले. चहाचे पेले ट्रेसकट जमिनीवर... आणि समोर एक मुलगी तोंडावर हात धरून हसत होती.

पोलंडमधल्या चेन्स्तोखोवा शहरात, खेळण्यांच्या कारखान्यात मी तेव्हा गोदाम सांभाळायचो. ‘कर्नल पियोरून’ नावाचा मारधाडीचा सिनेमा येणार होता. त्याचे कप, दप्तरं आणि कर्नलचे बाहुले आम्ही बनवत होतो. बाहुल्याच्या पाठीवरची दोरी ओढली की कर्नल पाळीपाळीनं चार वाक्यं बोलणार होता. सिनेमातल्या नटानं बाहुल्यासाठी ओरडायला नकार दिला, म्हणून रंगखात्यातल्या लुत्सिनाला उभं केलं होतं. तिचा आवाज घोगरा होता. दिवसभर ती कर्नलच्या मिशा रंगवायची. रेकॉर्डिंग तीन आठवड्यांनी होतं, आणि त्या दुपारी ती कँटीनमध्ये सराव करत होती.

“अहो इरेक, तुम्ही फार लवकर शरण येता,” ती म्हणाली.

“समोर कोण आहे त्यावर असतं—”

माझंच मला नवल वाटलं. असं मी कुणाशी बोलत नसे.

मग मी काही ना काही कारण काढून रंगखात्यात जायला लागलो. ती माझ्या बाहीवर मुद्दाम पिवळा ठिपका काढायची आणि म्हणायची, आता हा पुसून घ्यायला उद्या यावं लागेल. पंधरा दिवसांनी, खिडकीवर पाऊस वाजत असताना, मी विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. ती ब्रश धूत राहिली.

“कर्नल खोक्यात जायच्या आधी तुम्ही तपासता ना?”

“एकेक तपासतो,” मी ऐटीत सांगितलं.

“मग झालं तर.”

ते खोटं होतं. सिनेमाची तारीख जवळ आली होती, आणि न तपासताच खोकी बंद करायचा हुकूम होता. मी तिच्या उत्तराची वाट पाहत राहिलो. ती माझ्याकडे बघायची... मग बघेनाशी झाली. महिनाभरानं तिनं नोकरी सोडली आणि राडोम्स्कोला मावशीच्या बेकरीत गेली. मी समजलो, नकार आहे.

सिनेमा अकरा दिवसांत उतरला. दुकानांनी काही महिने वाट पाहिली आणि जवळजवळ चारही हजार कर्नल परत पाठवले. सोबत ग्दान्स्कच्या एका आईचं पत्र होतं, की हा कर्नल माझ्या मुलाशी भलतंच बोलतो. आमच्या गाव्रोन साहेबांनी मला एक खोकं उघडायला लावलं. मी दोरी ओढली. हात वर. हलू नका. माझ्या मागे या. आणि चौथ्या वेळी त्या मिशाळ माणसाच्या पोटातून लुत्सिना हळूच म्हणाली,

“इरेक, हो. आता मला तुम्ही म्हणू नकोस.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले. मी दुसरं खोकं उघडलं, तिसरं उघडलं. सगळे तेच म्हणत होते. सात महिने ती देशभरातल्या दुकानांत हो म्हणत होती, आणि ऐकायला मी तेवढा नव्हतो.

मिळाली ती गाडी पकडून राडोम्स्कोला गेलो. बेकरीच्या दारात ती पिठानं भरलेल्या हातांनी उभी होती. मी सगळं सांगितलं, ते खोटंसुद्धा. तिचा चेहरा पांढरा पडला.

“म्हणजे तू... ऐकलंच नव्हतंस?”

“आज सकाळी ऐकलं.”

“मला वाटलं, ऐकून तुझा विचार बदलला—”

ती पिठाच्या पोत्यावर बसली. आधी हसली, मग रडली.

“चार हजार वेळा हो म्हटलंय मी. आता पुन्हा म्हणणार नाही.”

“नको म्हणूस. नुसती चल.”

तिनं एप्रन काढून मावशीच्या हातात दिला.

लुत्सिना या मार्चमध्ये गेली. चहा ठेवते म्हणून उठली, आणि स्वयंपाकघरात पडली. तेवढंच. मला अजून ते खरं वाटत नाही. लोक समजावतात, बत्तीस वर्षं संसार झाला, पुष्कळ झाला. असेल. मला ते सात महिनेही हवे आहेत.