ओलं स्टूल

"माझ्या हाताखालून गेलेला नळ पुन्हा गळला तर मिशी उतरवीन," असं नळवाले काका बेचाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. मग समोरच्याने भुवई वर करायच्या आत स्वतःच सांगून टाकत, "घरचा नळ यात धरायचा नाही. आणि मिशी सहा वर्षांपूर्वीच उतरवलीय."

घरचा नळ खरोखरच सहा वर्षं गळत होता. म्हणजे गळताना कुणी पाहिला नव्हता. फक्त ऐकू येई. दुपारी तीनच्या सुमारास, जेवणं आटोपून घर पेंगायला लागलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा. टप. मग जरा थांबून, टप. काका पान्हा घेऊन आत जायचे तेव्हा नळाचं तोंड ठणठणीत कोरडं असायचं. वॉशर बदलून झाले, चावी बदलून झाली, एकदा तर सबंध नळच बदलला. खिडकीजवळ एक लाकडी स्टूल होतं, नळापासून चांगलं चार हात लांब. ते मात्र ओलं. "तिथे नका बसू, ओलं आहे," एवढंच बायको म्हणायची आणि फडक्याने निगुतीने पुसून ठेवायची.

शेजारीपाजारी या नळावरून काकांना चिडवत आणि काका चिडवून घेत. सगळ्या इमारतीची टोपी उडवणाऱ्या माणसाला तेवढं सोसावंच लागतं. खालच्या नव्या भाडेकरूला त्यांनी सांगितलं होतं की आंघोळ करताना गाणं म्हटलं तर पाण्याचं मीटर जोरात पळतं. तो बिचारा महिनाभर मुकाट्याने आंघोळ करत होता.

त्या महिन्यात बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी तिने आधी घरभर फिरून भिंती पाहिल्या आणि मग काकांना पाहिलं.

"आता सगळं स्वच्छ दिसतंय हो. तुमचा चेहरासुद्धा. काय दडवताय ते कळेल आता."

"म्हातारपण दडवतोय. दुसरं काय?"

ती हसली. मग खिडकीशी उभी राहून सहज बोलावं तशी म्हणाली, "एखादा छोटा कॅमेरा असता तर बरं झालं असतं. पूर्वी होता तसा."

काकांचं हसू ओठांवरच वाळलं. अठ्ठावीस वर्षांत तिने त्या कॅमेऱ्याचं नाव काढलं नव्हतं. रात्रभर कूस बदलून त्यांनी ठरवलं की चांगल्यातला चांगला कॅमेरा आणून तिच्या हातात द्यायचा आणि विषय मिटवायचा. म्हणजे तोंडाने काही सांगायला नको.

सकाळी ते दुकानात गेले. दुकान पहिल्या मजल्यावर होतं. काचेची कपाटं, नव्या रबराचा आणि पुठ्ठ्याचा वास, आणि चष्मा डोक्यावर चढवून बसलेली मालकीण.

"कुणासाठी हवाय, काका?"

"बायकोसाठी."

"वाढदिवस?"

"नाही. चूक."

"केवढी?"

"जुनी आहे."

"मग भारीतलाच दाखवते," म्हणून तिने कपाट उघडलं. "मोबाइल असताना कॅमेरा का, ते नाही विचारत. पण मेगापिक्सेल किती, ते तुम्हीही विचारू नका. सगळे तेवढंच विचारतात. आतला सेन्सर मोठा हवा, म्हणजे घरातल्या उजेडातही फोटो नीट येतो. त्यांना पडद्यावर बघून काढायचाय की डोळा लावून?"

"डोळा लावून. नवा डोळा आहे तिचा."

मालकिणीने तीन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक चंदेरी, एक तपकिरी, एक काळा. तिन्ही मुठीत मावणारे. "ते कोपऱ्यातलं स्टूल दिसतंय ना? तिन्हींतून त्याचाच फोटो काढा. एकच वस्तू तिन्हींत पाहिली की फरक आपोआप कळतो."

चंदेरीत स्टूल स्वच्छ आलं. तपकिरीत त्याहून स्वच्छ, पण तो बायकोच्या मनगटाला जड झाला असता. काळा त्यांनी शेवटी उचलला. उचलताना बोटं जरा अडखळली, कारण घरचा हरवलेलाही असाच होता, काळा, कोपरे गोल, मनगटात अडकवायची दोरी. बायकोने लोकांचे कपडे शिवून शिवून तो घेतला होता.

टप.

काकांनी मान वर केली. "मालकीणबाई, तुमच्या आतल्या नळाचा वॉशर गेलाय."

"कुठला नळ? इथे नळच नाही. प्यायचं पाणी मी खालून बाटलीत आणते."

काकांनी बटण दाबलं. मागच्या पडद्यावर स्टूल नव्हतं. हिरवट काळोख होता आणि वरच्या बाजूला उजेडाचा एक गोल, थरथरणारा.

"बोट आलं असेल लेन्सवर," मालकीण लांबूनच म्हणाली. "पुन्हा काढा."

बोट नव्हतं. काकांनी आयुष्यभर टाक्या धुतल्या होत्या. टाकीच्या तळाशी बसून वर पाहिलं की झाकणाचं तोंड कसं दिसतं, ते त्यांना या दुकानातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी पुन्हा दाबलं. गोल मोठा झाला. त्यात कुणीतरी वाकलेलं होतं. तिसऱ्या वेळी दाबायचं नव्हतं, पण दाबलं गेलं.

पुलाचा कठडा. कठड्यावर टेकलेली दोन कोपरं. आणि भरघोस मिशीचा एक तरुण माणूस, खाली बघून दात काढून हसणारा.

काकांनी पडदा छातीशी धरला, लहान मुलाने चोरलेली वस्तू धरावी तसा.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी ते तिघं तळ्यावर गेले होते. काका, बायको आणि बायकोची बहीण, जिला सगळे धाकटीच म्हणत. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. "हा भावोजींचा काढते, हसताना," असं म्हणून धाकटीने कॅमेरा बाकावर ठेवला आणि ती वेणी घालायला लागली. काकांनी तो हळूच उचलला. दोघींनी शोधत बसावं, एवढीच गंमत. पुलावर जाऊन, कठड्यावरून कॅमेरा लोंबकळत धरून ते वाकून हसत होते. दोरी सुटली. डुबुक असा इवलासा आवाज झाला, आणि पुढचे दोन-तीन श्वास त्यांच्या तोंडावर हसू तसंच राहिलं, कारण काढून कुठे ठेवायचं ते कळेना.

"शेवटी तुझ्याकडे होता," बायको बहिणीला म्हणाली. धाकटी म्हणाली, "ताई, मी नाही गं घेतला. पायरीवरून पडला असेल." आणि ती पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात, ऊन कलेपर्यंत, चिखल चाचपत राहिली. कॅमेरा पुलाखाली, पलीकडच्या डोहात होता. काका काठावर उभे राहून बघत होते. आत्ता सांगतो, आत्ता सांगतो, असं मनात म्हणत होते. संध्याकाळी धाकटी वर आली, बहिणीसमोर उभी राहिली. वेणीतून पाणी ठिबकत होतं. टप. टप. "नाही सापडला, ताई," एवढंच बोलली. बायकोने तिला पुन्हा घरात पाऊल टाकू दिलं नाही. सहा वर्षांपूर्वी दूरच्या शहरात, तापाने, धाकटी गेली.

"काळाच घ्या, काका," मालकीण म्हणाली. "तिन्हींत तोच सरस आहे."

"नको. भिजलाय तो."

तिने तो हातात घेऊन उलटासुलटा केला, फुंकर मारली. "कोरडा खडखडीत आहे की."

काकांनी आपली बोटं नाकाशी नेली. शेवाळाचा वास होता. त्यांनी चंदेरी बांधून घेतला आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीला कठडा घट्ट धरला. मग घरी न जाता ते बसथांब्यावर बसून राहिले. एरवी थांब्यावरच्या चार अनोळखी माणसांना त्यांनी हसवून सोडलं असतं. आज कुणी वेळ विचारली तरी ते दचकत होते.

घरी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. बायको स्वयंपाकघरात होती. तिने खोका उघडला, कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "उभे राहा तिथे, खिडकीपाशी. पहिला तुमचाच."

काका उभे राहिले. बाजूला स्टूल होतं. त्यांनी त्याकडे पाहायचं टाळलं.

बायकोने नवा डोळा कॅमेऱ्याला लावला. "हसा की."

"हसतोय ना."

"असे नाही. पुलावर हसत होतात तसे."

टप.

पुलावरचं हसणं पाहायला तिथे कुणी नव्हतं. बायको तेव्हा बाकाखाली वाकून शोधत होती. काकांनी एखादी थाप आठवून पाहिली, कुठलीही. बेचाळीस वर्षं जिभेवर तयार असायच्या. एकही आली नाही.

"ऐक ना..." ते म्हणाले. "तो कॅमेरा... धाकटीने नव्हता घेतला. मी उचलला होता. गंमत म्हणून. माझ्या हातून पडला... ती पाण्यात शोधत होती ना, तेव्हा मला माहीत होतं तो तिथे नाही. मी बघत उभा होतो."

बायकोने कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला नाही. "माहीत आहे."

"तुला माहीत आहे? कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होतो आम्ही."

आम्ही. काकांना पाय गार पडल्यासारखे वाटले. खाली पाहिलं तर फरशीवर ओल होती आणि ती त्यांच्या टाचेपर्यंत आली होती.

"कुणी... कुणी सांगितलं तुला?"

बायकोने कॅमेरा ओट्यावर ठेवला. खुंटीवरचं कोरडं फडकं घेतलं. पण आज तिने स्टूल पुसलं नाही. फडकं उलगडून, कुणाला केस टिपायला द्यावं तसं, ते स्टुलाच्या वर जराशा उंचीवर धरलं. आणि हात मोकळा करून मागे घेतला.

फडकं खाली पडलं नाही.

"सहा वर्षं तुम्ही वॉशर बदलताय," ती म्हणाली. "मी एकदा तरी म्हटलं का हो, नळ गळतोय म्हणून?"