खापरओढ्याचा पूर

आठवीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता, पण शिकवत कुणीच नव्हतं. प्रत्येक बाकावरच्या पडद्यावर एकेक झलक सुरू होती. पुढच्या बाकावरची इनाया खुदखुदत होती, तिच्या मागचा रेयांश मुठी आवळून बसला होता आणि खिडकीजवळच्या एकाने जांभई देताच त्याच्या पडद्यावर हत्ती अवतरला. जांभई दिली नसती, तर तिथे तहाची वाटाघाट चालली असती.

झलक म्हणजे तीन मिनिटांची चित्रफीत. ती आधी कुणी तयार करून ठेवत नसे, बघणाऱ्यासाठी ती बघता बघताच तयार होई. पडद्याच्या कडेला बसवलेला मसुराएवढा कॅमेरा मुलांची नजर आणि चेहऱ्याचा रंग टिपायचा. लक्ष उडालं की प्रसंग बदलायचा. भीती किंवा दुःख एका पातळीच्या वर गेलं, तरीही बदलायचा. त्या पातळीला ताणसीमा म्हणत. कोवळ्या मनांवर आघात होऊ नये म्हणून ती आखलेली होती, आणि आखणाऱ्यांचा हेतू खरोखरच चांगला होता. अशा हेतूंचं काय करायचं हेच तर माणसाला कळत नाही.

नसीम मुलाणी बाकांमधून फिरत होती. कासारवेलच्या या शाळेत तिने ऐन उमेदीची वर्षं इतिहास शिकवण्यात घालवली होती. आता पडदे अडकले तर चालू करणं, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. रेयांशच्या पडद्यावर फ्रान्सचा राजा राणीला घेऊन गलबतात बसला आणि हात हलवत परदेशी निघून गेला. इनायाच्या पडद्यावर त्याच राजाने मुकुट काढून ठेवला आणि द्राक्षाची बाग लावली. मान कुणाचीच उडाली नाही. मागच्या आठवड्यात हिरोशिमावरचं विमान निम्म्या वर्गाच्या पडद्यावर परत फिरलं होतं. परीक्षाही ज्याच्या त्याच्या झलकेवरच व्हायची, त्यामुळे सगळ्यांना उत्तम गुण मिळायचे. पालक खूश होते, मुख्याध्यापक कुंभोजकर सर तर बेहद्द खूश. नसीम मनातल्या मनात चडफडायची आणि गप्प बसायची. राजा तिकडचा, तिचं काय जात होतं?

मग 'आपला गाव' हा धडा आला.

त्या दिवशी प्रथमच सगळ्या पडद्यांवर एकच चित्र होतं. कासारवेलच्या बाजारपेठेत छातीभर पाणी. भांडी वाहताहेत, माणसं छपरांवर चढताहेत. खाली साल होतं, ते नसीम झोपेतही विसरली नसती.

"ओवी, हा कसला पूर?" तिने जवळच्या मुलीला विचारलं.

"आपल्या खापरओढ्याचा, टीचर. तुम्हाला माहीत नाही? किती माणसं गेली! तुमचे भाऊ पण त्यातच गेले ना?"

खापरओढ्याला भर पावसाळ्यात पोटरीएवढं पाणी येतं. त्या साली पूर आला नव्हता, दंगल झाली होती. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची यावरून शब्दाला शब्द वाढला आणि दुपारपर्यंत बाजारपेठ पेटली. नसीमचा थोरला भाऊ हारून आपल्या शिलाईच्या दुकानातून पळत सुटला आणि समोरच्या दत्तोबा शेंडग्यांच्या दुकानाचं शटर बडवू लागला. दत्तूकाका आत होते. लहानपणी त्यांनी हारूनला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. शटर उघडलं नाही. जमावाने त्याला तिथेच गाठलं. शाळकरी नसीम हे गच्चीवरून पाहत होती. ओवी त्याच दत्तोबांची नात.

ती तडक कुंभोजकर सरांच्या खोलीत गेली.

"सर, हा पूर कुठून आला?"

सर जरा ओशाळले. "अहो, आपल्या गावाबद्दल झलक बनवणाऱ्या यंत्रणेकडे माहितीच नव्हती. म्हणून मुलांना घरोघरी पाठवलं होतं ना, वडीलधाऱ्यांचं बोलणं टिपून आणायला? त्या सालाबद्दल सगळ्यांनी एकच सांगितलं. वर्ष वाईट होतं, माणसं गेली, दुकानं महिनोन्महिने बंद होती. कशाने, ते कुणीच बोललं नाही. मग यंत्रणेने आपलं जुळवलं."

"आणि तुम्ही चालू दिलंत?"

"बाई, त्या साली जिल्ह्यात पूर आलेच होते. आणि खरं सांगू? दंगल दाखवायला गेलं की ताणसीमा ओलांडते, झलक तयारच होत नाही."

न बोलणं ही कासारवेलची रीतच होती. शेजार टिकवायचा तर त्या दिवसाचा विषय काढायचा नाही. दोन्हीकडच्या माणसांनी हे न ठरवता पाळलं होतं. तिच्या दारात मुलं आली तेव्हा तिनेही, "हारून त्या वर्षी गेला," एवढंच म्हणून त्यांच्या हातावर लाडू ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गातले सगळे पडदे बंद केले आणि उभी राहून सांगितलं. मिरवणूक, आग, शटर, सगळं. तिचा आवाज मध्येच फुटला, तरी ती थांबली नाही. मुलं रडली. ओवी पांढरीफटक पडली.

"ते दुकान आमचं होतं?"

"हो, बाळा."

त्या रात्री नसीमला खूप वर्षांनी गाढ झोप लागली. एका वर्गाला तरी खरं कळलं होतं.

सकाळी ओवी धावतच तिच्याकडे आली. तिचा चेहरा उजळला होता. "टीचर, तुम्ही काल सांगितलंत ते आता झलकेत आलंय! बघा ना!"

पडदे बंद होते, पण कॅमेरे बंद नव्हते. यंत्रणेने नसीमचं बोलणं नवी साक्ष म्हणून घेतलं होतं आणि ताणसीमेत बसवलं होतं. छातीभर पाण्यातून हारून शटर बडवतोय. शटर वर जातं. तरुण दत्तोबा दोर फेकतात, पाण्यात उडी घेतात, त्याचा हात धरतात. लाट येते. हात सुटतो. मागून नसीमचाच आवाज, तोच फुटलेला, तो मात्र जराही बदललेला नाही.

"पण मी असं सांगितलं नव्हतं, ओवी."

ओवी गोंधळली. "असंच तर सांगितलंत."

पुढच्या महिन्यात गावाने पहिल्यांदा पूरदिन पाळला. नगरपालिकेच्या भिंतीवर पुराची निळी रेघ मारली. संध्याकाळी दोन्ही मोहल्ल्यांतली माणसं ओढ्यावर जमली आणि द्रोणांतून दिवे सोडू लागली. ओढ्याला ओघच नव्हता, दिवे गोट्यांना अडकत होते आणि मुलं ते काठीने पुढे ढकलत होती. जाणती माणसं सगळी हजर होती, आग लावणारे आणि ज्यांची घरं जळली तेसुद्धा. एकमेकांना धरून रडत होती. कुणालाही कुणाची नजर चुकवावी लागत नव्हती.

नसीम कडेला उभी होती. ओवीचा हात धरून दत्तोबा तिच्यापाशी आले. हारून गेल्यापासून ते तिच्यासमोर कधी उभे राहिले नव्हते. समोरून ती दिसली की रस्ता बदलायचे.

"नसीम," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी सोडला न्हाई गं त्याला. लई घट्ट धरला हुता. पाण्यानं ओढला. शेवटपतूर मी हुतो त्याच्याजवळ."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं कुठेच नव्हतं. नातीने ती झलक त्यांना किती वेळा दाखवली असेल कोण जाणे. आता त्यांना पाणी आठवत होतं.

दत्तूकाका, पूर आला नव्हता. एवढंच वाक्य तिला म्हणायचं होतं. ते म्हणणारं गावात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. आणि इतकी वर्षं रात्री-अपरात्री तिला छळणारी एक गोष्ट तिच्यासमोर उभी राहिली, ती म्हणजे त्या शटरपाशी हारून अगदी एकटा होता.

तिने दत्तोबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"काका," तिने हळूच विचारलं, "हात सुटताना तो काही म्हणाला का?"