चौथी टाप

तांबडी जिंकली, तर माझ्या मामाला पोटभर जेवायला मिळणार होतं.

ऐकायला गंमत वाटेल, पण सौदा खरोखर एवढाच होता. आणि पुढचं सगळंही जसं घडलं तसंच सांगतोय. मामा कधी खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या वजनाबद्दल तो आयुष्यभर खोटं बोलत आला. पण ही गोष्ट मी त्याच्याकडून कितीतरी वेळा ऐकलीय, आणि तिच्यात एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

मामा जॉकी होता. शर्यतीचे घोडे पळवायचा. सगळे त्याला काडी म्हणायचे, आणि तो दिसायचाही तसाच. जॉकीचं वजन वाढलं की घोडा हातचा जातो. म्हणून लग्न झाल्यापासून मामीने त्याला भरलेलं ताट कधी वाढलंच नव्हतं. वाटीभर काहीतरी उकडलेलं, वर गरम पाणी. संपलं जेवण.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ट्रेनरने त्याला बोलावलं. या ट्रेनरला सगळे मास्तर म्हणत.

"काडी, तांबडीवर ही एक शर्यत बस. जिंकलास तर उतर कायमचा. माझ्या हाताखाली राहा, तबेल्यावरची खोली घे, आणि खा बाबा काय खायचं ते."

"आणि हरलो तर?"

"मालक घोडी विकणार. मग तू कशावर बसणार, बाकड्यावर?"

मामा हो म्हणाला. भुकेल्या माणसाला घासाघीस जमत नाही, हे मास्तरला पक्कं ठाऊक होतं.

तांबडी एके काळी हरायचीच नाही. मालक पाहुण्यांना सांगायचा, "हिच्या रक्तातच शर्यत आहे. पळायला नाही मिळालं तर रुसते."

रुसायची, हे खरं.

पण पळण्यावरून नाही.

तिच्या शेजारच्या ठाणात मुका असायचा. ठाण म्हणजे घोडा बांधायची जागा. मुका कधी खिंकाळला नाही म्हणून मुका. दोघांच्या मधल्या भिंतीला खिडकीएवढं भगदाड होतं. तांबडी त्यातून तोंड घालून त्याचं गवत खायची, आणि तो खाऊ द्यायचा. सराव जोडीने. शर्यतही बहुतेक जोडीने.

अशाच एका शर्यतीत, शेवटच्या वळणावर, कुंपणाला लागून मुक्याचा पुढचा पाय मोडला. त्याचा जॉकी खाली पडला.

मुका पडला नाही.

पाठीवर कोणी नाही, पाय लोंबतोय... आणि तो तांबडीच्या बाजूने तसाच पळत राहिला. पार शर्यत संपते त्या खांबापर्यंत.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. घोड्याला जिंकायची केवढी हौस असते बघा, म्हणत होते.

मामा तेव्हा तांबडीवर होता. मुक्याचा डोळा त्याला हाताच्या अंतरावर दिसत होता. तो डोळा खांबाकडे नव्हता. तांबडीकडे होता. एकटं मागे राहू नये म्हणून पळणारं जनावर होतं ते.

खांब ओलांडल्यावर मुका कोसळला. तिथेच त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं.

मग ठाणात नवा घोडा आणायचा म्हणून भगदाड बुजवलं. तांबडीने खाणं सोडलं. दिवसभर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहायची. शर्यतीत सगळ्यांच्या मागून यायची, तीही जणू कोणाची तरी वाट बघत. नवा घोडाही त्या ठाणात टिकेना. आत पाऊल घालायलाच तयार नसायचा. शेवटी त्याला दुसरीकडे बांधलं.

मास्तरने उपाय काढला. भगदाडाच्या जागी आरसा लावला.

"घोड्याला आरसा म्हणजे दुसरा घोडा," तो म्हणाला. "पुष्कळ ठिकाणी लावतात."

तांबडी खरंच खायला लागली. मास्तर खूश. तिचा मोतद्दार, म्हणजे तिला रोज खरारा करणारा माणूस, तेवढा कुरकुरला.

"ती आरशात स्वतःचं तोंड बघत नाही. खाली बघते. पायांकडे."

"तूही कामाकडे बघ," मास्तर म्हणाला.

त्यानंतरची ती सकाळ.

मैदानावर दाट धुकं होतं. मामा आणि तांबडी, दोघंच. घोडी नेहमीसारखी रेंगाळत होती. शेवटचं वळण आलं...

आणि कुंपणाच्या बाजूने टापा ऐकू आल्या.

मामाला वाटलं, दुसऱ्या तबेल्याचा कोणी आला. त्याने ओरडून सांगितलं, "जागा आहे, ये."

उत्तर नाही.

तांबडीने एक कान तिकडे वळवला. मग आपणहून जरा बाहेर सरकली. बरोबर एक घोडा मावेल एवढी.

टप, टप, टप... आणि गप्प.

टप, टप, टप... आणि गप्प.

चौथी टाप येतच नव्हती.

मामा वळून बघायला धजला नाही. लगाम ओढायचंही त्याला सुचलं नाही, कारण तांबडी सुटली होती. अशी ती कित्येक महिन्यांत पळाली नव्हती. खांबापाशी मास्तर घड्याळ घेऊन उभा.

"काडी, काय खाऊ घातलंस हिला?"

"माझ्या वाटचं," मामा म्हणाला. मग हळूच विचारलं, "माझ्याबरोबर कोण होतं?"

"कोण असणार? तुम्ही दोघंच होतात."

धुकं विरल्यावर मामा वळणापर्यंत चालत गेला. ओल्या मातीत एकाच घोड्याच्या खुणा होत्या. कुंपणापासून एक घोडा मावेल एवढं अंतर सोडून.

दुपारी तबेला झोपलेला असताना तो तांबडीच्या ठाणात गेला. ती आरशासमोर उभी होती. तो तिच्या मानेवरून हात फिरवत होता आणि सहज आरशात बघत होता.

आरशातल्या घोड्याने पुढचा पाय उचलून धरला होता...

मामाने खाली पाहिलं. तांबडीचे चारही पाय जमिनीवर होते.

घरी येऊन त्याने मामीला सांगितलं. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"घोडी पळतेय ना?"

"पळतेय. पण हौसेने नाही गं पळत. कोणीतरी सोबत आहे म्हणून पळतेय."

"मग तुम्ही काय हौसेने पळताय इतकी वर्षं?"

"मला बसायला आवडतं."

"तेच. जिंका आणि बसा एकदाचे. मलाही वाटीत मोजून वाढायचा कंटाळा आलाय हो."

मास्तरला सांगितलं असतं तर घोडी शर्यतीतून निघाली असती, आणि खोलीही गेली असती. मामा गप्प राहिला. उपास करून करून माणूस एवढा दमतो की भ्यायलाही अंगात त्राण उरत नाही.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मैदान माणसांनी भरलेलं. तांबडी सगळ्यांच्या मागे. मामाने चाबूक उचललाच नाही. शेवटचं वळण जवळ आलं. तो कान देऊन बसला. येऊ नये असं वाटत होतं, आणि यावं असंही.

टप, टप, टप... आणि गप्प.

तांबडी बाहेर सरकली. मामाच्या पायाला कुंपणाच्या बाजूने ऊब लागली. घोड्याच्या अंगाची ऊब. बाजूला मात्र नुसतं ऊन.

त्याने लगाम सैल सोडला.

ती जिंकली. मधले सगळे घोडे मागे टाकून जिंकली. लोक टाळ्या वाजवत होते.

पण तांबडी थांबेना. खांब गेला, बाकीचे घोडे थांबले, आणि ही रिकाम्या मैदानावर आणखी एक फेरी पळत राहिली. मामा लगाम ओढून ओढून थकला. थेट त्या वळणावर आली, तेव्हा ती आपणहून थांबली. कुंपणाकडे मान लांब केली. एखाद्याच्या मानेवर टेकवावी तशी ती हवेत टेकवली...

आणि पुढचा पाय उचलून धरला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत, शीर शाबूत. "हिला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. तेव्हापासून आजपर्यंत तांबडीने तो पाय जमिनीला टेकवलेला नाही.

तर आता कोणाला काय मिळालं ते सांगतो. मालकाला चषक मिळाला. पाहुण्यांना सांगायला एक किस्साही मिळाला: पाय दुखावला तरी थांबली नाही, काय ही जिद्द. मास्तरचा फोटो पेपरात आला. मोतद्दाराने आरसा काढून भगदाड पुन्हा मोकळं केलं. त्याला कोणी अडवलं नाही. मामाला खोली मिळाली, आणि मामी ताट काठोकाठ भरून वाढते.

खोली नेमकी त्या दोन ठाणांच्या वर आहे.

मामा जेवायला बसतो. खाली तांबडी जागच्या जागी फिरते. टप, टप, टप... आणि गप्प. मामाचा घास हातातच राहतो. मामी म्हणते, गार होतंय. ताट बहुतेक वेळा तसंच परत जातं. तो पूर्वीइतकाच काडी आहे.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. भर दुपार होती. जेवताना त्याने मला बोटाने गप्प बसायला सांगितलं.

खालून तांबडीच्या तीन टापा आल्या. मग गप्प.

आणि मग शेजारच्या रिकाम्या ठाणातून...

टप, टप, टप, टप.

पूर्ण चार. संथ, मजबूत.

"मुक्याचा पाय भरून निघाला," मामा थकलेल्या आवाजात म्हणाला आणि ताट बाजूला सारलं. "आपण सगळ्यांनी घेतलंच. दिलं तेवढं तांबडीने."