निन्फाबाईंची टोपली

ही घटना शंभर टक्के खरी आहे. माझ्या आईच्या थडग्याची शपथ घेऊन सांगतो.

थडगं तीस वर्षांच्या कराराने घेतलेलं आहे. शपथही तितकीच चालेल.

तारीख दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. गाव पालेर्मो, बालारोच्या बाजारामागची आमची गल्ली. वेळ भर दुपारची. रात्र असती तर बरं झालं असतं, पण त्याला माझा इलाज नाही.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली मेलेली माणसं पोरांसाठी भेटी ठेवून जातात. खेळणी, साखरेच्या रंगीत बाहुल्या. सकाळी उठून पोरांनी त्या शोधायच्या. मोठ्यांना काही मिळत नाही. मोठ्यांनी कबरस्तानात फुलं ठेवायची आणि येताना एकमेकांशी भांडायचं.

धाकटा भाऊ कालोजेरो त्यासाठी थेट उत्तरेतल्या तोरीनोहून आला होता. सोबत बायको ओर्नेल्ला आणि सात वर्षांची जिनेव्रा.

"जिनेव्राला तिच्या बाबांचं शहर दाखवायचंय," ओर्नेल्ला म्हणाली.

म्हणून माझ्याच गावात मी सकाळभर पाहुण्यासारखा हिंडलो. कॅथेड्रल पाहिलं. राजवाडा पाहिला. ज्या कारंज्यावर आपटून कालोजेरोचा दात पडला होता, ते कारंजं तो मोबाइलवर शोधत बसला.

"डाव्या हाताला," मी म्हणालो.

"माहितीये मला."

"मग मोबाइल कशाला?"

"इथलं सगळं बदललंय रे."

"कारंजं कुठे जाणार आहे?"

दुपारी हरभऱ्याच्या पिठाची भजी पावात घालून खाल्ली. तोंड पुसता पुसता तो म्हणाला, "जाता जाता घरही बघून घेऊ."

सहल त्यासाठीच होती.

आई मार्चमध्ये गेली. घर तेव्हापासून बंद. दुसऱ्या दिवशी मिलानचा एक माणूस ते विकत घेणार होता. फक्त माझी सही बाकी होती. मी शाळेत लॅटिन शिकवतो आणि घटस्फोटानंतर स्टेशनमागे एका खोलीत राहतो. म्हातारपण त्या घरात काढावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण कालोजेरोचा हिस्सा विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती. घराची किल्लीही त्याच्याकडे. एकच होती. आईला पुरलं त्याच संध्याकाळी त्याने ती माझ्याकडून मागून घेतली होती.

गल्लीत पोचलो. घर तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीची दारं बंद. खाली सावेरिओची पावाची गाडी, नेहमीसारखी.

"काय मास्तर, आज सगळं कुटुंब?"

"शहर बघायला निघालोय."

"बघा, बघा. विकायच्या आधी बघितलेलं बरं."

गल्लीला सगळं माहीत असतं.

तेवढ्यात...

किर्र.

कप्पीचा आवाज. ती गंजकी कप्पी मी जन्मभर ऐकत आलोय.

"काका," जिनेव्रा म्हणाली, "टोपली."

वरून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली येत होती. अगदी हळू. जिने चढायचा कंटाळा असलेल्या आमच्या बायका अशीच खरेदी करतात. टोपली सोडायची, पाव घ्यायचा, वर ओढायची.

टोपली गाडीशी येऊन थांबली.

आणि सावेरिओने... वर न बघता, तीळ लावलेले दोन पाव तिच्यात टाकले.

"घ्या निन्फाबाई. गरम आहेत."

दोरीला दोन हिसके बसले. टोपली वर गेली.

निन्फाबाई म्हणजे माझी आई.

सावेरिओचा हात हवेतच राहिला. "सवयीने गेला हो हात, मास्तर," तो पुटपुटला.

आम्ही वर पाहिलं. बाल्कनीची दारं बंदच होती. टोपली नव्हती.

दोरीही नव्हती...

कालोजेरो धावत जिने चढला. आम्ही मागोमाग. कुलूप त्याच्याच किल्लीने उघडलं. आत धूळ. जमिनीवर ठसे उमटत होते ते फक्त आमचे. बाल्कनीची कडी आतून लावलेली. टोपली स्वयंपाकघरात खिळ्याला होती, दोरी नीट गुंडाळलेली. तळाशी कोळ्याचं जाळं.

पाव कुठेच नव्हते.

फक्त... भाजलेल्या तिळाचा वास होता.

"हे तू केलंयस," कालोजेरो म्हणाला.

"मी तुझ्या शेजारी उभा होतो."

"कुणाला तरी बसवलं असशील. सही टाळायला काहीही करशील तू."

"किल्ली तुझ्या हातात आहे, गाढवा."

"आईच्या नावाने नाटकं करताना लाज नाही वाटत?"

"तू तर तिचं नाव दारावरूनच उतरवायला निघालायस."

"हळू बोला, पोरगी ऐकतेय," ओर्नेल्ला म्हणाली.

पोरगी ऐकत नव्हती. ती आईच्या खोलीत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साखरेची बाहुली होती.

"उशीखाली होती. आजीने ठेवलीये."

मी कालोजेरोकडे पाहिलं. त्याने बायकोकडे.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "आमच्याकडे असलं काही नसतं. मी कशाला आणू?"

बाहुली ताजी होती. रंग बोटांना लागत होता.

मी खोलीत गेलो. उशी उचलली. मला वाटलं होतं, माझ्यासाठीही काही असेल. भेट नको, निदान एखादी खूण. घर विकू नको, अशी. आई माझ्या बाजूने एवढं जरी बोलली असती, तरी मी कोर्टापर्यंत भांडलो असतो.

गादी उचलली. पलंगाखाली वाकून पाहिलं.

काही नव्हतं.

वळलो तर दारात कालोजेरो.

"काही मिळालं?"

"नाही."

"नीट बघितलंस?"

मग त्यानेही वाकून पाहिलं. बाहेर जिनेव्रा बाहुलीचं डोकं कडाकडा चावत होती.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. मिलानच्या माणसाला गल्लीने सगळं आधीच सांगितलं होतं. तो घाबरून माघार घेईल, अशी मला शेवटची आशा होती. तो खूश झाला. टोपली तेवढी राहू द्या, म्हणाला.

ते पाव कुणी ओढून घेतले, मला आजही माहीत नाही. कुठल्याही गल्लीत कप्पी किरकिरली की माझे पाय थांबतात... वर बघायचं धाडस होत नाही.

घरात आता प्रवाशांसाठी खोल्या आहेत. मृतांच्या दिवशी एक रात्र तिथे काढावी म्हणून मी दोनदा फोन केला.

त्या तारखेला जागा नसते. वर्षभर आधी सांगावं लागतं.