देवसिंगच्या नावाचे थेंब

नयन, दार लोटून घे. समीक्षा, तो मोबाइल बाजूला ठेव जरा. हे घडलं ते माझ्या शेजारच्या खेमसिंगबरोबर. त्यानं स्वतः सांगितलं मला. आणि मी विचारल्याशिवाय राहतो का!

कळंब रोडवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी बंगला तुम्ही पाहिलाच आहे. नागपूरच्या मालकानं तिथं द्राक्षाची बाग लावली, तळघरात वाइनची लाकडी पिंपं मांडली, वर पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. मांडव घातले खेमसिंगनं, छाटणी केली खेमसिंगनं. आणि किल्ल्यांचा जुडगा गेला त्याच्या चुलतभावाकडं, देवसिंगकडं. का, तर देवसिंग दारूला बोट लावत नाही.

तेव्हापासून खेमसिंगला अन्न गोड लागेना. पुण्याच्या बाया 'देवसिंगजी, इकडे बघा' म्हणत फोटो काढायच्या आणि हा कुंपणाबाहेरून पाहत राहायचा. माझ्या ओट्यावर येऊन म्हणायचा, "भाऊ, वेल माह्या हातचे, अन् 'जी' त्याच्या नावामागं!"

दोन हजार पंचवीसची सत्तावीस फेब्रुवारी. गुरुवार, अमावास्या. देवसिंग बायकोला, मैनाबाईला घेऊन नेरला सासुरवाडीला निघाला. जाताना किल्ल्या खेमसिंगच्या हातात दिल्या.

"खेमा, रात्री तळघरातला पंखा चालू हाय का, तेवढं पाहून घेजो. तुह्याशिवाय कोणावर भरोसा नाही मले."

हा भरोसाही त्याला टोचलाच.

पावणेअकराला तो गेला. पंखा चालू होता. काम संपलं. पण पाय निघेना. मोठ्या पिंपाची तोटी सोडून दिली, तर सकाळपर्यंत सगळं वाहून जाईल, देवसिंगच तोटी सैल ठेवून गेला असं ठरेल आणि त्याच्या किल्ल्याही जातील... त्यानं तोटी फिरवली. आधी एक पेला स्वतःसाठी भरून घेतला.

आता आपली रीत तर माहीत आहे. पिण्याआधी बोट बुडवायचं आणि चार थेंब जमिनीवर शिंपडायचे, घरच्या गेलेल्या माणसाचं नाव घेऊन. सवयीनं त्याचं बोट बुडालं. नाव बापाचं घ्यायचं होतं. पण जीव जळत होता ना. जिभेवर दुसरंच आलं.

"घे, देवसिंग."

जित्या माणसाच्या नावानं!

थेंब पडले. पंखा थांबला.

पिंपामागं कोणीतरी ओठ चाटले.

"खेमा..."

आवाज देवसिंगचा.

"अजून..."

त्यानं टॉर्च मारला. कोणी नाही. तोटीतून धार पडत होती. पण फरशी कोरडी. धार मधेच संपत होती... आणि आवाज येत होता. घट... घट...

दोन्ही हातांनी तोटी आवळली. धावत पायऱ्या चढला. नेरला फोन लावला. मैनाबाईनं उचलला. ती रडत होती.

"भाऊजी, हे झोपेतच उठून बसले... रिकाम्या तोंडानं काहीतरी गिळून राह्यले होते..."

"अन् आता?"

"आता थांबले. पण..."

"पण काय, वहिनी?"

"श्वासच घेऊन नाही राह्यले..."

खेमसिंग पुन्हा खाली उतरला. एकटा. त्या अंधारात. भरलेला पेला तसाच होता. त्यानं तो सगळाच्या सगळा फरशीवर ओतला.

"बा... हे तुले. तुलेच. त्याले नाही. माह्या भावाले सोड..."

ओतलेलं मधेच नाहीसं झालं. फरशी कोरडीच.

मग फरशी ओली झाली.

वर राहिलेला फोन वाजत होता. त्यानं धावत जाऊन उचलला. "आला, भाऊजी, श्वास आला..."

दुसऱ्या दिवशी देवसिंग हसत परतला. त्याला काहीच आठवत नव्हतं. खेमसिंगनं किल्ल्या दिल्या आणि त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. देवसिंग म्हणाला, "अबे, कायले रडतं? एक रात्र तर गेलतो!"

तुम्ही बंगल्यावर गेलात तर देवसिंगचा खालचा ओठ पाहा. पाहुण्यांना वाटतं, चाखून चाखून रंगला. त्यानं लिंबू घासलं, राख घासली. त्या रात्रीपासूनचा तो जांभळा डाग काही जात नाही. मी जवळून पाहिला एकदा, बोट लावून.

ओला होता.